संगणकावरच्या गप्पांना लिपी कशी मिळाली?

परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातली आजी आज मुंबईच्या नातवाला फोनवरून ‘जेवलास का?’ असे देवनागरीत लिहून विचारते. दोघांचे फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी अक्षरे बिघडत नाहीत. यात आता कोणाला नवल वाटत नाही. पण घरच्या संगणकावर फुकट गप्पा मारण्याची सोय आपल्याकडे आली, तेव्हा हे दोन शब्द देवनागरीत पाठवणे जवळजवळ अशक्य होते. कशामुळे? फोनच्या तारा मंद होत्या म्हणून? की आपली लिपी संगणकाला अवघड होती म्हणून? याचे उत्तर शोधताना संगणकाविषयीची एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते.

तार मंद, पण संदेश छोटा

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. सुरुवात मोजक्या मोठ्या शहरांतून झाली. निकनेट या सरकारी जाळ्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी उपग्रहाने जोडलेले संगणक त्याआधीच आले होते, पण ते कार्यालयीन कामासाठी होते. परभणीच्या माणसाला घरून इंटरनेट हवे असेल तर मोडेममधून दूरच्या शहरात फोन लावावा लागे, म्हणजे बाहेरगावच्या फोनचे बिल आले. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत लहान शहरांतही सायबर कॅफे दिसू लागले. आमची पिढी तेव्हा कॉलेजात होती. प्लायवूडच्या आडोशाला बसून, घड्याळाकडे लक्ष ठेवून, पुण्याला किंवा अमेरिकेला गेलेल्या मित्राशी टंकलिखित गप्पा मारणे हा तिथला मोठा उद्योग होता.

आता थोडे गणित करू. सुरुवातीचे मोडेम सेकंदाला ९,६०० बिट पाठवत. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. ५०,००० बाइटचे एक चित्र म्हणजे ४,००,००० बिट, त्याला ४० सेकंदांहून अधिक वेळ लागणार. पण गप्पांमधले एक वाक्य? त्यासोबत जाणारा पत्ता वगैरे मजकूर धरला तरी सेकंदाचा दहावा भाग पुरे. म्हणजे वाईट तारेवरही उत्तम चालेल अशी कोणती सेवा असेल, तर ती गप्पांचीच. तेव्हा मंद तारेवर दोष ढकलता येत नाही.

तो आत्ता जागेवर आहे का?

संगणकावरच्या गप्पा इंटरनेटच्या लोकप्रियतेपेक्षा जुन्या आहेत. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची संगणकीय शिक्षणप्रणाली होती. तिच्यावर १९७३ मध्ये ‘टॉकोमॅटिक’ हा गप्पांचा कार्यक्रम चालू झाला. १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू येथे यार्को ओइकारिनेन याने ‘आयआरसी’ तयार केले. त्यात अनेक जण एका खोलीत जमल्यासारखे एकाच विषयावर बोलू शकत.

पण घरच्या संगणकाची अडचण वेगळी होती. दर वेळी फोन लावून इंटरनेटवर गेले की संगणकाला नवा तात्पुरता क्रमांक मिळे. ज्याचा पत्ता रोज बदलतो त्याला निरोप कसा पोचवायचा? नोव्हेंबर १९९६ मध्ये इस्रायलमधील मिराबिलिस या छोट्या कंपनीने ‘आयसीक्यू’ हा कार्यक्रम फुकट वाटायला सुरुवात केली. त्याची युक्ती सोपी होती. प्रत्येक सभासदाला एक कायमचा क्रमांक द्यायचा. त्याचा संगणक इंटरनेटवर आला की तो कंपनीच्या मध्यवर्ती संगणकाला कळवणार, ‘मी आलो, माझा आजचा पत्ता हा.’ मध्यवर्ती संगणक ही बातमी त्याच्या मित्रांच्या पडद्यावर दाखवणार. ‘तो आत्ता जागेवर आहे’ हे कळणे, हीच या कार्यक्रमाची खरी देणगी.

पाठोपाठ १९९७ मध्ये एओएलचा, १९९८ मध्ये याहूचा आणि १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा असाच कार्यक्रम आला. सगळे फुकट! पैसा कुठून यायचा? जून १९९८ मध्ये एओएलने मिराबिलिस विकत घेतली, त्यासाठी २८ कोटी ७० लाख डॉलर आधी मोजले. तिच्याकडे जमलेली माणसे आणि त्यांच्या मित्रांच्या याद्या यांचे हे मोल होते.

१२८ जागांचा तक्ता

संगणक अक्षरे ओळखत नाही, आकडे ओळखतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर मानायचे याचा तक्ता दोन्ही टोकांना सारखा असावा लागतो. १९६३ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या ‘ॲस्की’ तक्त्यात १२८ जागा होत्या आणि त्या रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे व यंत्राच्या खुणा यांनी भरलेल्या होत्या. त्यात देवनागरी नव्हती. म्हणून आपण मराठी रोमन अक्षरांत लिहू लागलो. त्या लिपीत ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट यांतला भेद पुसला जातो. ‘के-ए-एल’ ही तीन अक्षरे आली की ती काल, कळ की कल, हे संदर्भावरून ओळखायचे. मित्रामित्रांत ते चालून गेले, पण रोमन लिपी न येणारी आजी या गप्पांच्या बाहेरच राहिली.

मग आपल्याकडे देवनागरीचा तक्ता नव्हताच का? होता. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हा भारतीय लिप्यांचा तक्ता प्रमाण म्हणून मान्य केला. पुण्याच्या सी-डॅकची साधने तो वापरत. त्यात प्रत्येक व्यंजनाला एक बाइट, मात्रेला एक बाइट. ‘जेवलास का?’ मध्ये ज, एकाराची मात्रा, व, ल, काना, स, मोकळी जागा, क, काना आणि प्रश्नचिन्ह, असे एकूण १० बाइट होतात. रोमनमध्येही हे वाक्य १० बाइटचेच! म्हणजे लिपी अवघड होती असेही म्हणता येत नाही.

अडचण एकमताची होती. परदेशी गप्पांच्या कार्यक्रमांना इस्की ठाऊक नव्हती. आपल्याकडेही श्रीलिपी, आकृती अशा मुद्रणासाठीच्या फाँट-संचांचे तक्ते निरनिराळे होते. एका संचात लिहिलेला मजकूर तो संच नसलेल्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे.

हा गोंधळ युनिकोडने मिटवला. जगातील सर्व लिप्यांसाठी एकच तक्ता, ही त्यामागची कल्पना. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली आणि तिच्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर बेतलेली होती. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज २०००’ मध्ये युनिकोड देवनागरीची सोय आली आणि पुढे गप्पांचे कार्यक्रमही हा तक्ता मानू लागले. युनिकोडच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून आपले वाक्य १० ऐवजी २६ बाइटचे होते. एवढी किंमत देऊन ते जगभर वाचता येते.

तरी एक गोष्ट राहिली होती. मराठीत आपण ‘ॲ’ लिहितो, हिंदीतले ‘ऍ’ नाही. हिंदीचे अक्षर तक्त्यात आधीपासून होते, मराठीच्या ‘ॲ’ला स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. तक्ता सगळ्यांचा असला तरी आपले अक्षर त्यात आहे ना, हे पाहायला आपलेच कोणी तरी हवे.

अर्धवट राहिलेले काम

अक्षरांच्या तक्त्यावर जगाचे एकमत झाले, पण गप्पांच्या नियमांवर झाले नाही. याहूवरचा माणूस आयसीक्यूवरच्या माणसाशी बोलू शकत नसे. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या सभासदांना एओएलच्या सभासदांशी जोडण्याचा प्रयत्न केला. एओएलने वाट बंद केली, मायक्रोसॉफ्टने पुन्हा उघडली, आणि काही महिन्यांच्या झटापटीनंतर मायक्रोसॉफ्टने नाद सोडला. त्याच वर्षी जेरेमी मिलर याने ‘जॅबर’ ही सर्वांना खुली पद्धत जाहीर केली. २००४ मध्ये ती ‘एक्सएमपीपी’ या नावाने इंटरनेटचे मानक ठरली. गूगलने २००५ मध्ये ती स्वीकारली, पण २०१३ पासून तिच्यापासून फारकत घ्यायला सुरुवात केली.

पुढे काय झाले? एओएलची सेवा २०१७ मध्ये, याहूची २०१८ मध्ये आणि आयसीक्यू २०२४ मध्ये बंद झाली. कार्यक्रम मिटला तसे त्यावर जमलेले मित्रांचे जाळेही मिटले. ईमेलचे असे होत नाही, कारण तिथे नियम सामायिक आहेत, एक कंपनी गेली तरी पत्रव्यवहार चालू राहतो. युरोपीय संघाने २०२२ मध्ये कायदा करून मोठ्या संदेशसेवांवर इतर सेवांशी जोडून घेण्याचे बंधन घातले, ते याच कारणासाठी. आपल्या कुटुंबाचे, शाळेचे बरेचसे लिखित बोलणे आज अशाच एखाद्या सेवेत साठलेले आहे. जपून ठेवावे असे जे असेल, त्याची साध्या युनिकोड मजकुरात वेगळी प्रत ठेवलेली बरी.

वर्गात करून पाहा

वर्गाचे दोन गट करा. प्रत्येक गटाने मराठीतील अक्षरांना व मात्रांना आपल्या मनाने क्रमांक देऊन तक्ता बनवावा आणि तो दुसऱ्या गटाला दाखवू नये. मग ‘जेवलास का?’ हे वाक्य आकड्यांत लिहून पाठवावे. दुसऱ्या गटाने ते स्वतःच्या तक्त्याने वाचावे, काय हाती लागते ते फळ्यावर लिहावे. नंतर दोन्ही गटांनी बसून एकच तक्ता ठरवावा. या वेळी कोणते अक्षर विसरले, जोडाक्षरे कशी लिहायची, कोणाचा क्रम स्वीकारायचा, यावर जी वादावादी होईल ती थांबवू नका. युनिकोडच्या तक्त्याला अशीच चर्चा करावी लागली, आणि ती अजून चालू आहे.