आखलेला किनारा

डेन्मार्कचे पोहण्याचे किनारे निसर्गाची देणगी मानले जातात; मला ते नकाशावर आणि कायद्यात घडलेले वाटतात. कोपनहेगनच्या उत्तरेचा बेलव्ह्यू किनाराच घ्या. 1932 साली आर्ने याकॉबसेन या वास्तुविशारदाने तिथे निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे जीवरक्षकांचे मनोरे आणि कपडे बदलायच्या खोल्या आखल्या. इतकंच काय, तिकिटंही त्याचीच. समुद्र आधीपासून होताच की, असं कुणी म्हणेल. होता; शेजारच्या क्लाम्पेनबोर्गला आगगाडीही 1863 पासून येत होती. पण पोहायला कामगाराला सवड लागते, आणि पगारी सुट्टीचा कायदा झाला 1938 मध्ये. आदल्याच वर्षी किनाऱ्यालगत 100 मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई झाली होती. (पाणी मात्र ऐन जुलैतही गारच; त्याला कायदा काय करणार?) 2005 साली कोपनहेगनच्याच अमागर भागात तर पोहणाऱ्यांसाठी चक्क कृत्रिम बेटच उभारलं.