कोपराचा एक्स-रे : हात कसा ठेवतात आणि का?

पडताना आपण आपोआप हात टेकतो. शरीराचा भार मनगटावर येतो आणि तो झटका वर कोपरापर्यंत जातो. कोपर सुजते, हात सरळ होत नाही आणि डॉक्टर एक्स-रे लिहून देतात. एक्स-रेच्या खोलीत मात्र बऱ्याच जणांची चिडचिड होते. 'हात सरळ करा', 'आता वाकवा', 'खांदा खाली घ्या' अशा सूचना दुखऱ्या हाताला नकोशा वाटतात. 'एकच फोटो काढा ना,' असे म्हणणारे रुग्ण मला नेहमी भेटतात. या सूचनांमागचे कारण समजले, तर त्रासही कमी होतो आणि फोटोही पहिल्याच वेळी चांगला येतो.

एक फोटो का पुरत नाही?

कोपरात तीन हाडे एकत्र येतात. वरून दंडाचे हाड येते आणि खालून हाताची दोन हाडे येतात. त्यांपैकी करंगळीच्या बाजूचे हाड म्हणजे अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूचे रेडियस. एक्स-रे म्हणजे या हाडांची सावली. सावलीत पुढचे आणि मागचे हाड एकमेकांवर पडते. समोरून काढलेल्या फोटोत हाड डावी-उजवीकडे सरकलेले दिसते, पण पुढे-मागे सरकलेले दिसत नाही. त्यासाठी बाजूने फोटो लागतो. म्हणून एकमेकांशी काटकोनात किमान दोन फोटो काढतात.

खोलीत जाण्यापूर्वी

- बांगड्या, कडे, घड्याळ, धातूचा ताईत काढून ठेवा. काचेच्या बांगड्याही एक्स-रेत दिसतात. सूज वाढत असेल तर अंगठीही लवकर काढा, नंतर ती अडकते. बांगडी निघत नसेल तर ओढू नका, कापून काढायला सांगा.
- कोपरावर लेपाचा जाड थर असेल तर तसे सांगा. त्याचे डाग फोटोत उमटू शकतात.
- प्लास्टर किंवा आधाराची पट्टी स्वतः सोडू नका. प्लास्टरमधूनही एक्स-रे काढता येतो.
- गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल, तर आधीच सांगा.
- आधीचे एक्स-रे सोबत न्या.

पहिली स्थिती : हात सरळ, तळहात वर

तुम्हाला टेबलाच्या कडेला बसवतात आणि हात टेबलावर पसरायला सांगतात. खांदा, कोपर आणि मनगट एकाच पातळीत हवे आणि तळहात छताकडे हवा. तळहात खाली वळला की रेडियस हे हाड अल्नावर आडवे येते. मग दोघांच्या सावल्या एकमेकांत मिसळतात आणि बारीक चीर त्यात लपू शकते. म्हणून तंत्रज्ञ पुन्हा पुन्हा 'तळहात वर' म्हणतात.

दुसरी स्थिती : कोपर काटकोनात, अंगठा वर

आता कोपर ९० अंशात वाकवून करंगळीची बाजू टेबलावर टेकवायची आणि अंगठा वर ठेवायचा. खांदाही टेबलाच्या उंचीपर्यंत खाली आणावा लागतो. त्यासाठी बुटके स्टूल देतात किंवा टेबल वर घेतात. खांदा उंच राहिला की कोपर किंचित फिरते आणि फोटो तिरका येतो.

या फोटोत डॉक्टर हाडांसोबत आणखी एक गोष्ट पाहतात. कोपराच्या सांध्यात पुढे आणि मागे चरबीचे पातळ थर असतात. सांध्यात रक्त किंवा पाणी साचले की ते थर बाहेर ढकलले जातात. मागचा थर एरवी या फोटोत दिसत नाही. मार लागल्यानंतर तो दिसू लागला, तर हाडाची चीर दिसत नसली तरी छुपे फ्रॅक्चर असू शकते. मोठ्या माणसांत ते बहुधा रेडियसच्या वरच्या टोकाला असते आणि लहान मुलांत दंडाच्या हाडाच्या खालच्या भागात. फोटो तिरका आला तर ही खूण हातची जाते.

हात सरळ होतच नसेल तर?

तसे स्पष्ट सांगा. दात-ओठ खाऊन हात ताणू नका आणि नातेवाइकांनीही तो ओढून सरळ करू नये. मोडलेल्या हाडाचे टोक जवळच्या रक्तवाहिनीला किंवा नसेला इजा करू शकते. अशा वेळी समोरून एकाऐवजी दोन फोटो काढतात : एक दंड टेबलावर टेकवून आणि दुसरा मनगटाकडचा हात टेकवून. हात हलवणेच शक्य नसेल, तर हात आहे तसा ठेवून यंत्राची दिशा बदलता येते. रेडियसचे टोक नीट पाहायचे असेल, तर किरण तिरपे सोडून जादा फोटो काढतात.

लहान मुलांच्या बाबतीत

मुलांच्या कोपरात बराच भाग कूर्चेचा असतो आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. साधारण १ ते ११ वर्षांच्या दरम्यान तिथे सहा ठिकाणी हाडाचे ठिपके टप्प्याटप्प्याने उमटतात. हा ठिपका आहे की तुटलेला तुकडा, याची शंका आली तर कधी कधी दुसऱ्या कोपराचा फोटो तुलनेसाठी काढतात. तो अनावश्यक खर्च समजू नका.

मूल धरायला पालकांना थांबवले, तर शिशाचा ॲप्रन मागून घ्या. गरोदर बाईने मूल धरू नये.

हात धरून ओढल्यावर किंवा उचलल्यावर एक ते चार वर्षांचे मूल अचानक हात वापरेनासे झाले आणि सूज नसेल, तर कोपर निखळल्यासारखे झालेले असू शकते. डॉक्टर ते तपासूनच ओळखतात आणि बहुतेकदा एक्स-रेची गरज पडत नाही. कधी कधी फोटोसाठी तळहात वर वळवतानाच सांधा जागेवर बसतो आणि मूल हात हलवू लागते.

किरणांची भीती बाळगावी का?

हाताच्या एका एक्स-रेत साधारण ०.००१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे हा डोस काही तासांच्या नैसर्गिक किरणांइतका आहे. फोटो हलल्यामुळे पुन्हा काढावा लागू नये, म्हणून तंत्रज्ञ सांगतील ते दोन-तीन क्षण स्थिर राहा.

रांगेत थांबू नका

पुढीलपैकी काहीही दिसले, तर नंबर येण्याची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना सांगा :

- बोटे थंड, पांढरी किंवा निळसर पडणे
- बोटांना मुंग्या येणे, बधिरपणा, बोटे हलवता न येणे
- दुखणे वाढतच जाणे, बोटे सरळ केल्यावर असह्य कळ येणे
- कोपर वेडेवाकडे दिसणे किंवा जखमेतून हाड दिसणे

रक्तपुरवठा अडला तर हाताचे स्नायू काही तासांत कायमचे निकामी होऊ शकतात. हात आहे त्याच स्थितीत झोळीत किंवा पट्टीवर आधार देऊन ठेवा. ऑपरेशनची शक्यता असल्याने काही खायला-प्यायला देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

एक्स-रे नॉर्मल, पण दुखणे तसेच

हे होऊ शकते. बारीक फ्रॅक्चर पहिल्या दिवशी दिसले नाही, तरी ७ ते १४ दिवसांनी पुन्हा काढलेल्या फोटोत दिसू शकते. म्हणून दिलेल्या तारखेला परत या. तोपर्यंत तेल लावून चोळू नका आणि हाड बसवून घ्यायला कोणाकडे जाऊ नका. चोळल्याने मोडलेले हाड सरकू शकते आणि स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचे आखडू शकते. दुसरीकडे, कोपर फार दिवस बांधून ठेवले तरी ते आखडते. हालचाल कधी सुरू करायची, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.