न दिसणाऱ्या निरोपांची वाट

एसेमेसचा इतिहास सांगणारे बहुधा ३ डिसेंबर १९९२ या तारखेपासून सुरुवात करतात. त्या दिवशी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून व्होडाफोनच्या रिचर्ड जार्व्हिस यांच्या फोनवर नाताळच्या शुभेच्छा धाडल्या. मला ही सुरुवात थोडी फसवी वाटते. एसेमेस म्हणजे माणसाने माणसाला लिहिलेला मजकूर, हा समज तिच्यामुळे पक्का होतो. त्याच पाकिटातून यंत्रांचे यंत्रांना निरोपही जातात, त्यांचे काय?

पाकिटाचे माप त्याआधीच ठरले होते. १९८५ मध्ये बॉन येथे फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांनी टाइपरायटरवर साधी वाक्ये लिहून अक्षरे मोजली; बहुतेक वाक्ये १६० च्या आत बसली. जाळ्याच्या संकेतवाहिनीत मोकळी असलेली जागा वापरायची होती, म्हणून निरोपाला मिळाले १४० बाइट. सात बिटांच्या रोमन अक्षरांना त्यात १६० जागा होतात, देवनागरीला सत्तरच. शिवाय काना-वेलांटी वेगळी मोजतात, म्हणजे ‘दिवाळी’ला सहा जागा! आपण मराठी माणसे रोमन लिपीत निरोप लिहू लागलो, त्याला हा हिशोबही कारण आहे.

पण १४० बाइटांत अक्षरेच भरली पाहिजेत, असे बंधन नव्हते. डेटा एसेमेसमध्ये आरंभीचे सात बाइट शीर्षासाठी जातात आणि त्यात पोर्ट क्रमांक असतो. वाड्याचा पत्ता एकच, पण आत खोली कोणती, हे तो सांगतो. उरतात १३३ बाइट. नोकियाच्या फोनवर ५५०५ क्रमांकाच्या पोर्टवर आलेला निरोप म्हणजे रिंगटोन. त्या काळी वर्तमानपत्रांतल्या जाहिराती पाहून ज्यांनी धून मागवली, त्यांनी डेटा एसेमेस नकळत वापरलेला असू शकतो.

अँड्रॉइडने ही खोली अ‍ॅपसाठीही उघडली. एसेमेस स्वीकारण्याची परवानगी घ्यायची, आपला पोर्ट आधी जाहीर करायचा. निरोप आला की यंत्रणा अ‍ॅपला जागे करते आणि बाइट हाती देते. लांब मजकुराचे तुकडे पाडून देण्याची सोय यंत्रणेत आहे, डेटासाठी तशी नाही. तुकडे अ‍ॅपनेच पाडायचे, त्यांना क्रमांक द्यायचे आणि ते उलटसुलट पोहोचले तर जुळवायचे. २०१३ च्या ४.४ आवृत्तीपासून मजकुराच्या पेटीत लिहिण्याचा हक्क एकाच मुख्य अ‍ॅपला उरला. डेटा निरोप मात्र त्या पेटीत पडतच नाही.

इथेच माझी शंका सुरू होते. पोर्ट म्हणजे खोलीचा क्रमांक, कुलूप नव्हे. तोच क्रमांक दुसरे अ‍ॅपही जाहीर करू शकते, आणि निरोप खरोखर कोणी धाडला याची हमी पोर्ट देत नाही. ती खातरजमा अ‍ॅप लिहिणाऱ्यानेच करायची. बाइटांवर सही किंवा कुलूप त्यानेच घालायचे. सप्टेंबर २०१९ मध्ये अ‍ॅडाप्टिव्हमोबाइल या सुरक्षा संस्थेने ‘सिमजॅकर’ प्रकरण उघड केले. तिथे निरोप अ‍ॅपला नव्हे, थेट सिमकार्डातल्या एका जुन्या आज्ञावलीला जात होता. फोन कुठे आहे ते उत्तर दुसऱ्या एसेमेसने परत जाई आणि पडद्यावर काहीच उमटत नसे.

यूपीआय अ‍ॅप नोंदवताना आपल्या सिममधून एक निरोप जातो. तो साधा मजकूरच असल्याने ती अर्थहीन दिसणारी अक्षरमाळ कधी कधी ‘पाठवलेले’मध्ये सापडते. इतिहास लिहिणाऱ्याला तेवढा पुरावा तरी मिळतो. डेटा निरोपाची नोंद अ‍ॅपने ठेवली तरच राहते, आणि अ‍ॅप काढून टाकले की सहसा तीही जाते. जुना फोन हाती आला की मी निरोपांची पेटी उघडतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा, रिचार्जच्या पावत्या, चुकलेल्या गाड्यांचे वेळापत्रक सारे तिथे असते. त्याच फोनच्या दुसऱ्या दाराने काय आले-गेले, ते त्या पेटीला माहीत नसते.