काळा घेवडा : बी आलं, चूल मागेच राहिली

एका रविवारी सकाळी ओळखीच्या कुटुंबातून फोन आला. "डॉक्टर, काल रात्री आम्हा चौघांनाही उलट्या झाल्या. बाहेरचं काहीच खाल्लेलं नाही." काय जेवलात असं विचारलं, तेव्हा उलगडा झाला. मुलगा अमेरिकेहून सुट्टीला आला होता. तिथल्या मेक्सिकन हॉटेलात भाताबरोबर मिळणारे मसालेदार काळे बीन्स त्याला फार आवडतात. तेच घरी करायचे म्हणून त्याने दाण्यांचं पाकीट आणि मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं, दोन्ही आणलं होतं. दाणे रात्रभर भिजवले, भांड्यात घातले, आच सर्वांत कमी ठेवली आणि पाच तासांनी वाढले. दाणे जरा करकरीत होते, पण चव छान होती. दोन तासांत एकेकाला मळमळायला लागलं. सकाळपर्यंत सगळे ठीक झाले.

"दाणे खराब होते का?" हा त्यांचा प्रश्न होता. दाणे उत्तम होते. त्यांना फक्त खळखळून उकळी मिळाली नव्हती. ही उकळी इतकी महत्त्वाची का, हे समजायचं तर या दाण्याच्या मूळ गावी जायला हवं.

हा दाणा कोणता?

आधी नावांचा गोंधळ दूर करू. हे काळे बीन्स म्हणजे आपले उडीद नव्हेत आणि कोकणातले काळे वाटाणेही नव्हेत. चिनी जेवणातले आंबवलेले काळे दाणे सोयाबीनचे असतात, तेही वेगळे. मेक्सिको, क्यूबा आणि ब्राझीलमधला काळा बीन हा घेवड्याच्या जातीचा आहे. शास्त्रीय नाव फॅसिओलस व्हल्गॅरिस. राजमा याच जातीचा, आपण कोवळ्या शेंगांची भाजी करतो तो श्रावण घेवडाही याच जातीचा आणि भौगोलिक मानांकन मिळालेला सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडाही याच जातीचा. रंग आणि आकार वेगळे, कूळ एक.

हे कूळ अमेरिका खंडातलं. तिथे ते दोन ठिकाणी स्वतंत्रपणे माणसाळवलं गेलं, एकदा मेक्सिकोच्या परिसरात आणि एकदा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीत. काळा दाणा मेक्सिकोकडच्या शाखेतला. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर घेवडा युरोपात गेला आणि पुढे युरोपीय लोकांमार्फत आपल्याकडे आला. आज राजमा-चावल अस्सल देशी वाटत असले, तरी पाचशे वर्षांपूर्वी भारतात राजम्याचा एक दाणाही नव्हता.

मेक्सिकोची चूल

मेक्सिकोच्या जुन्या शेतीत मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावत. या शेताला मिल्पा म्हणतात. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढायचा, घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळायचं आणि भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल टिकवायची. ताटातही तीच जोडी. मक्याच्या प्रथिनांत लायसिन कमी, घेवड्यात ते भरपूर. घेवड्यात मिथिओनिन कमी, ते मक्यातून मिळतं. आपली खिचडी किंवा वरण-भात याच हिशोबावर चालतात. अझ्टेक साम्राज्यात घेवड्याला एवढं मोल होतं, की प्रांतांकडून राजधानीला येणाऱ्या खंडणीत तो असायचा. सोळाव्या शतकातल्या कोडेक्स मेंडोसा या चित्रमय दस्तऐवजात त्याची नोंद आहे.

शिजवण्याची रीत साधी. मातीचं खोल भांडं, भरपूर पाणी, कांदा आणि तासन्‌तास धगधगणारी चूल. पाणी उकळायचं, आटलं की पुन्हा गरम पाणी घालायचं आणि दाणा बोटांत चुरडला जाईपर्यंत भांडं उतरवायचं नाही. शेवटी एपाझोते नावाच्या उग्र वासाच्या पाल्याची काडी. पोटात वारा धरू नये म्हणून ती घालतात, असं तिथल्या घराघरांत सांगतात, जसं आपण वालात किंवा चवळीत हिंग-ओवा घालतो.

या पाल्याचा वैद्यकाशीही संबंध आहे. त्याच्या तेलात अस्करिडोल हा जंतनाशक घटक असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हुकवर्मच्या मोहिमांत हे तेल औषध म्हणून दिलं जायचं. मात्रा थोडी चुकली तरी विषबाधा व्हायची, मृत्यूही झाले, म्हणून सुरक्षित औषधं आल्यावर ते मागे पडलं. स्वयंपाकातली काडी आणि बाटलीतलं तेल यांत फरक असतो, हे "नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक" म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. त्या मातीच्या भांड्यांचंही तसंच. स्पॅनिश लोकांनी चकाकी देण्यासाठी शिसं असलेला लेप आणला आणि त्यातून अन्नात उतरणारं शिसं हा मेक्सिकोतला आजही न सुटलेला आरोग्यप्रश्न आहे.

जिरं तिकडे गेलं, मिरची इकडे आली

हॉटेलातल्या काळ्या बीन्सची चव आपल्याला ओळखीची वाटते, कारण त्यात जिरं असतं. जिरं अमेरिकेतलं नाही. ते आणि कांदा-लसणाची तेलातली फोडणी स्पॅनिश लोकांबरोबर गेली. बदल्यात तिकडची मिरची आपल्याकडे आली.

क्यूबात कांदा, लसूण आणि ढोबळी मिरची तेलात परतून केलेल्या वाटणाला सोफ्रितो म्हणतात. शिजलेल्या दाण्यांत ते घालायचं, वर जिरं, ओरेगॅनो, तेजपत्ता आणि शेवटी थोडं व्हिनेगर. काळे दाणे आणि पांढरा भात एकत्र शिजवला, की त्या पदार्थाला "मूर आणि ख्रिश्चन" असं नाव. स्पेनमधल्या जुन्या लढायांची आठवण अशी ताटात उतरली. १९५९ च्या क्रांतीनंतर लाखो क्यूबन अमेरिकेत, विशेषतः मायामीत गेले आणि त्यांच्याबरोबर हा पदार्थ तिथल्या हॉटेलांत स्थिरावला.

ब्राझीलमध्ये काळा घेवडा आणि डुकराचं मांस यांची फेजोआदा होते. मालकांनी टाकून दिलेल्या तुकड्यांपासून गुलामांनी ती बनवली, ही कथा लोकप्रिय आहे, पण इतिहासकार ती मान्य करत नाहीत. दाणे आणि मांस एकत्र शिजवण्याची रीत युरोपात जुनीच होती.

चुलीशिवायचा प्रवास

पदार्थ प्रवास करतो, तेव्हा त्याची कृती बरोबर जातेच असं नाही. मक्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यामुळे त्यातलं नायसिन शरीराला मिळतं. युरोपाने मका घेतला, चुना घेतला नाही. मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला.

घेवड्याचंही थोडं तसंच झालं. कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. ते लेक्टिन या गटातलं. आतड्याच्या आतल्या पेशींवरच्या शर्करेला ते चिकटतं आणि एक ते तीन तासांत जोरदार मळमळ, उलट्या, मग जुलाब आणि पोटदुखी सुरू होते. चार-पाच कच्चे दाणेही पुरतात. सहसा काही तासांत माणूस सावरतो. तांबड्या राजम्यात हे प्रथिन सर्वांत जास्त असतं. काळ्यात त्याहून कमी, पण नियम दोघांना एकच.

जिथे चूल तासन्‌तास पेटती असायची, तिथे हा प्रश्न सहसा उद्भवत नव्हता. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांनी भिजवलेला पण न शिजवलेला राजमा खाल्ला आणि ती आजारी पडली. पुढच्या काही वर्षांत तिथे अशा आणखी घटना नोंदल्या गेल्या. आरोग्याच्या हौसेने कच्चे दाणे सॅलडमध्ये घालणं आणि मंद आचेच्या भांड्यात अर्धवट शिजवणं, ही दोन कारणं पुन्हा पुन्हा दिसली. २००६ मध्ये जपानमधल्या एका टीव्ही कार्यक्रमाने वजन कमी करण्यासाठी पांढरा घेवडा तीन मिनिटं भाजून, पूड करून भातावर घ्यायला सांगितलं. शेकडो लोकांना उलट्या-जुलाब झाले.

मंद आचेच्या भांड्याचा जन्म मुळात बीन्ससाठीच झाला, ही यातली गंमत. इर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकाला त्याचं पेटंट १९४० मध्ये मिळालं आणि त्याने त्याला "नॅक्सन बीनरी" असं नाव दिलं. १९७१ मध्ये नव्या नावाने ते बाजारात आलं आणि नोकरी करणाऱ्या घरांत लोकप्रिय झालं. भांडं वाईट नाही. पण कमी आचेवर आतलं तापमान उकळीपर्यंत पोचेलच असं नसतं. ८० अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धवट तापलेले दाणे कच्च्यापेक्षा जास्त विषारी ठरू शकतात. "थोडं तरी शिजलंय" हा दिलासा इथे चालत नाही.

आपल्याकडे हा त्रास क्वचित दिसतो, त्याचं श्रेय प्रेशर कुकरला. फ्रान्सच्या डेनिस पापँने १६७९ मध्ये त्याचा पूर्वज बनवला. भारतीय बनावटीचे कुकर १९५९ च्या सुमारास येऊ लागले. कुकरमध्ये तापमान शंभराच्या वर जातं आणि हे प्रथिन टिकत नाही. राजम्याला शिट्ट्या द्यायच्या, हे आपण शास्त्र न शिकताच पाळत आलो.

विषाने केलेली मदत

या प्रथिनाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ते तांबड्या रक्तपेशींना एकमेकींना चिकटवून गठ्ठे करतं. म्हणून १९४९ मध्ये घेवड्याचा अर्क वापरून रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. १९६० मध्ये फिलाडेल्फियातल्या पीटर नॉवेल यांच्या लक्षात आलं, की या अर्कामुळे शांत बसलेल्या लिम्फोसाइट पेशी विभागू लागतात. विभागणाऱ्या पेशीतच गुणसूत्रं नीट दिसतात. त्यानंतर साध्या रक्ताच्या नमुन्यावरून गुणसूत्रं तपासणं सोपं झालं. आजही बाळाच्या जन्मजात दोषासाठी किंवा वारंवार होणाऱ्या गर्भपातासाठी गुणसूत्रांची तपासणी लिहून देतो, तेव्हा प्रयोगशाळेत बहुधा हेच घेवड्याचं प्रथिन कामाला येतं.

हॉटेलसारखी चव घरी

आता मूळ विषयाकडे. त्या चवीचं गुपित तीन गोष्टींत आहे : दाणा लोण्यासारखा मऊ, शिजवलेलं काळं पाणी फेकून न देणं आणि परतलेलं वाटण.

एक वाटी काळे दाणे (राजमा चालेल) आठ तास भिजवा. ते पाणी टाकून द्या. यात पोटात वारा करणाऱ्या शर्करेचा काही भागही निघून जातो. नवं पाणी, अर्धा कांदा आणि तेजपत्ता घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या करा, मग आच मंद करून १५ मिनिटं ठेवा. उघड्या भांड्यात करायचं असेल, तर आधी खळखळून उकळा. दहा मिनिटांत हे प्रथिन नष्ट होतं, पण प्रत्येक दाणा आतपर्यंत तापावा म्हणून अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन अर्धा तास सांगतं. मग झाकण ठेवून मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवा. विजेचं मंद भांडं वापरायचं असेल, तरी ही उकळी आधी गॅसवर द्या.

दोन चमचे तेलात कांदा, ढोबळी मिरची आणि चार-पाच पाकळ्या लसूण सावकाश परता. त्यात चमचाभर जिरेपूड आणि अर्धा चमचा ओरेगॅनो घाला. शिजलेल्या दाण्यांचा एक डाव त्यातच घोटा. रस्सा दाट होतो तो यामुळेच. मग बाकीचे दाणे पाण्यासकट घालून १५ मिनिटं रटरटू द्या. लिंबू किंवा व्हिनेगर शेवटी, कारण आंबट आधी घातलं तर दाणा लवकर मऊ होत नाही. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे दाण्यातलं लोहही चांगलं शोषलं जातं.

हॉटेलात मीठ आणि चरबी सढळ हाताने घातलेली असते. घरी ते तुमच्या हातात आहे. डब्यातले दाणे शिजवलेलेच असतात, त्यांना या उकळीची गरज नाही, पण मिठाचं पाणी धुऊन घ्या. मधुमेहींसाठी हा पदार्थ चांगला आहे, कारण घेवड्यातला स्टार्च हळू पचतो आणि साखर एकदम चढत नाही. मात्र बरोबरचा भात मोजून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पोटॅशियम आणि फॉस्फरस जपावं लागतं, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावं. घेवड्याची सवय नसेल, तर अर्ध्या वाटीने सुरुवात करा. आणि राजमा किंवा घेवडा खाल्ल्यावर दोन-तीन तासांत घरातल्या सगळ्यांनाच उलट्या झाल्या, तर तो किती शिजला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पाणी, मीठ-साखरेचं पाणी घेत राहा. लहान मूल, वृद्ध किंवा गरोदर स्त्री असेल, किंवा उलट्या थांबत नसतील, तर दवाखान्यात या.

त्या कुटुंबाने पुढच्या रविवारी तेच पाकीट पुन्हा काढलं. या वेळी दाणे आधी कुकरमध्ये घातले. संध्याकाळी आईचा फोन आला, तेव्हा क्षणभर मी दचकलो. त्यांना फक्त विचारायचं होतं, उरलेले बीन्स दुसऱ्या दिवशी खाल्ले तर चालतील का. चालतील, म्हटलं. रात्री फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी पुन्हा उकळी आणा.