उत्तर फ्रिसियाचा किनारा : वादळ, बांध आणि गाळ

जर्मनीतील उत्तर फ्रिसियाच्या किनाऱ्यावर जानेवारी १३६२ मध्ये उत्तर समुद्राचे वादळी पाणी चढले आणि रुंगहोल्ट हे व्यापारी गाव नाहीसे झाले. मागाहून रचलेल्या दंतकथांनी या नाशाचे कारण रहिवाशांच्या पापात शोधले. पुढे सारा दोष वादळावर ठेवण्यात आला. तेथील गाळाची साक्ष मात्र निराळी आहे. वादळाने जी भूमी नेली, ती माणसाने आधीच खचविलेली होती.

या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी चिखलाची विस्तीर्ण मैदाने उघडी पडतात आणि त्यांच्या वरच्या अंगास खारी कुरणे असतात. वादळी लाटा मैदानावरील चिखल ढवळून काढतात. फुगलेले पाणी तो, नेहमीची भरती जेथे पोहोचत नाही, अशा कुरणांवर नेते. तेथे गवतामुळे प्रवाह मंदावतो व गाळ खाली बसतो. त्याच वेळी कुरणाची समुद्राकडील कड लाटांनी ढासळते. तात्पर्य, एकच वादळ कडेला भूमी तोडते आणि आत ती उंचावते.

मध्ययुगात बांध घातले गेले तेव्हा पाण्याबरोबर गाळाचीही वाट बंद झाली. चर खणून निचरा केल्याने आतील जमीन आक्रसून खाली बसली. शिवाय मिठासाठी खारावलेले पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, खणून जाळण्यात येई. अशा रीतीने शेते समुद्राच्या भरतीरेषेखाली गेली. बांध फुटल्यावर पाणी केवळ एकदा येऊन ओसरले नाही. रोजच्या दोन भरत्या त्याच भगदाडांतून ये-जा करू लागल्या आणि खाड्या खोल होत गेल्या.

ऑक्टोबर १६३४ मधील महापुरात हेच पुन्हा घडले. श्ट्रांड बेटाचे बांध अनेक ठिकाणी फुटले, हजारो माणसे बुडाली आणि बेटाचे नॉर्डश्ट्रांड व पेलवॉर्म असे मुख्य तुकडे उरले. वाचलेल्यांपैकी काहींनी बेटावरील पीटच्या उंच भागाचा आश्रय घेतला. तोच भाग आज नॉर्डश्ट्रांडिशमोर म्हणून ओळखला जातो.

ही जागा ‘हालिग’ या वर्गातील आहे. हालिग म्हणजे उंच बांध नसलेले सखल बेट. तेथील घरे मातीच्या कृत्रिम उंचवट्यांवर असतात आणि वादळात भोवतालची कुरणे बुडतात. ही बुडणेच त्यांना गाळ पुरविते. विसाव्या शतकात दगडी कडा व ठेंगण्या बांधांनी कडेची झीज रोखली, पण गाळाचा पुरवठाही घटविला. होगे या हालिगवरील भूमी सरासरी भरतीपातळीच्या वाढीहून मंद गतीने उंचावते, असे मोजणीत आढळले आहे.

१९२१ नंतर आंद्रेआस बुश यांनी झ्यूडफालजवळच्या चिखलात रुंगहोल्टच्या वस्तीचे अवशेष नोंदविले; २०२३ मध्ये तेथेच एका मोठ्या चर्चच्या पायाचा शोध जाहीर झाला. ज्या गाळाला बांधांनी बाहेर ठेवले होते, त्यानेच अखेर या वस्तीच्या खुणा जतन केल्या. म्हणून या किनाऱ्याचा इतिहास लिहिताना पुरांच्या तारखांबरोबरच, दोन पुरांच्या दरम्यान जमिनीची पातळी किती उतरली, याचाही हिशेब मांडणे अगत्याचे ठरते.