शार्त्र येथील चक्रमार्ग : आख्यायिका व पुरावा

फ्रान्स देशांतील शार्त्र येथील प्रख्यात कॅथीड्रलच्या फरसबंदींत एक विशाल वर्तुळाकार चक्र बसविलेलें आहे. युरोपीय ग्रंथकार ह्या आकृतीस ‘लॅबिरिंथ’ म्हणतात. चित्तास शांति लाभावी म्हणून अशा चक्रावरून मौन धरून सावकाश चालण्याचा प्रघात गेल्या सुमारें पस्तीस वर्षांत युरोप-अमेरिकेंत बराच पसरला आहे. आणि त्या प्रघाताबरोबर एक आख्यायिकाहि सांगितली जाते. ती अशी कीं, मध्ययुगांत ज्या भाविकांस जेरुसलेमची यात्रा घडणें शक्य नव्हतें, ते ह्या चक्रावरून पायीं अथवा गुडघ्यांवर चालून त्या यात्रेचें पुण्य जोडीत. ह्या आख्यायिकेस तत्कालीन लेखांचा आधार कितपत मिळतो हें पाहणें, हा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

आरंभीं शब्दाविषयीं थोडा खुलासा अवश्य आहे. लॅबिरिंथ म्हटलें कीं वाचकांस लखनौच्या बड्या इमामबाड्यांतील भूलभुलैया आठवेल. परंतु तेथें वाटा अनेक असून चालणारा चुकतो, आणि शार्त्रच्या चक्रांत वाट एकच आहे. तिला फांटा नसल्यामुळें चुकण्याचा संभव नाहीं. आपल्याकडे हळेबीड येथील होयसळेश्वर मंदिराच्या १२ व्या शतकांतील शिल्पांत चक्रव्यूह कोरला आहे, त्याची रचना ह्याच एकमार्गी जातीची आहे. अल्बेरूनीनें इ. स. १०३० च्या सुमारास रचलेल्या हिंदुस्थानविषयक ग्रंथांत रावणाच्या दुर्गाची म्हणून दिलेली आकृतिहि अशाच वळणांची आहे. अर्थात् आकृतीच्या सादृश्यावरून शार्त्रशीं संबंध सिद्ध होत नाहीं. वाचकांच्या डोळ्यांपुढें रूप उभें राहावें एवढ्यासाठींच हीं उदाहरणें दिलीं.

इ. स. ११९४ च्या अग्निप्रलयानंतर शार्त्रच्या कॅथीड्रलची पुनर्रचना सुरू झाली आणि १३ व्या शतकाच्या पूर्वार्धांत हें चक्र घातलें गेलें. त्याचा व्यास सुमारें १३ मीटर, वेढे ११, आणि मार्गाची लांबी सुमारें २६० मीटर आहे. वाट फिकट दगडाची असून वेढ्यांमधील रेघा काळसर दगडाच्या आहेत. मध्यभागीं सहा पाकळ्यांचें फूल आहे. ह्या वाटेचें एक वैशिष्ट्य ध्यानांत ठेवण्याजोगें आहे : आंत शिरणारा मनुष्य थोड्याच वेळांत मध्याच्या अगदीं जवळ येतो, नंतर वाट त्यास दूर नेते, आणि शेवट जवळ आला असतां तो अगदीं बाहेरच्या वेढ्यावर असतो. आजच्या चालणारांस ह्या रचनेंत मनाच्या चढउताराचें चित्र दिसतें, त्याचें कारण हेंच होय.

आतां पुराव्याकडे वळूं. हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष वाटेल अशी गोष्ट ही कीं, ही अकरा वेढ्यांची आकृति फरसबंदीवर येण्याच्या पुष्कळच पूर्वीं पोथ्यांत आढळते. वायसेनबुर्गच्या ओटफ्रीड ह्या भिक्षूनें ९ व्या शतकांत जर्मन भाषेंत पद्यरूप ख्रिस्तचरित्र रचलें. त्याच्या व्हिएन्ना येथील तत्कालीन प्रतींत आरंभींच्या पानावर ती आहे. ईस्टरची तिथि ठरविण्याचें गणित ज्यांत असतें, अशा पोथ्यांतहि ती काढलेली सांपडते. १३ व्या शतकांतील व्हिलार द ओनकूर ह्याच्या रेखाचित्रांच्या वहींत शार्त्रच्या चक्राचीच आकृति डावें-उजवें उलटून आलेली आहे. ही वही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे.

शिलालेखांचा पुरावा निराळीच दिशा दाखवितो. इटलींतील लुक्का येथील कॅथीड्रलच्या द्वारमंडपांत हातभर आकाराचें चक्र कोरलें असून त्याशेजारच्या लॅटिन लेखांत, क्रीट बेटांतील डीडॅलसनें हें रचलें व आरिआड्नेच्या दोऱ्याच्या साह्यानें एकटा थीसियसच त्यांतून बाहेर पडला, अशा आशयाचा मजकूर आहे. आमीयें येथील चक्राच्या मध्यशिलेवर १२८८ हें वर्ष असून बिशपाचीं व मंदिर बांधणाऱ्या तीन स्थपतींचीं नांवें आहेत. म्हणजे कोरणारांच्या मनांत ग्रीक पुराणकथा होती, आणि आद्य शिल्पी डीडॅलस ह्याच्या पंक्तीस आपलीं नांवें लावण्याचा स्थपतींचा अभिमानहि होता. ह्या दोन्ही लेखांत जेरुसलेमचा उल्लेख नाहीं.

चक्रावर प्रत्यक्ष काय चाले, ह्याविषयींचा सर्वांत भरीव पुरावा ओसेर येथील आहे. तेथील धर्माधिकाऱ्यांच्या सभेनें १३९६ सालीं केलेल्या ठरावावरून असें दिसतें कीं, ईस्टरच्या सणांत नवा धर्माधिकारी एक चेंडू आणून देई. मुख्य धर्माधिकारी तो डाव्या हातांत धरून ईस्टरच्या स्तोत्राच्या तालावर नाचत असे, इतर मंडळी हात धरून चक्राभोंवतीं फेर धरीत, आणि चेंडू त्यांच्यामध्यें फेंकला जाई. नंतर सहभोजन होई. १४७१ सालीं एका नव्या धर्माधिकाऱ्यानें चेंडू देण्याचें नाकारल्यामुळें तंटा उपस्थित झाला. पुढें १५३८ सालीं पॅरिसच्या न्यायसभेच्या निकालानें हा नाच बंद पडला आणि १६९० च्या सुमारास चक्रहि नाहींसें झालें. थीसियसप्रमाणें ख्रिस्त मृत्यूच्या गुहेंत शिरून परत आला, ह्या भावनेचा हा उत्सव होता, असें संशोधकांचें मत आहे. ईस्टरच्या गणिताच्या पोथ्यांत हें चक्र कां यावें, ह्याचाहि उलगडा त्यावरून कांहीं अंशीं होतो.

शार्त्रपुरतें पाहतां, १७ व्या शतकांतील स्थानिक इतिहासकार सुशे हा ह्या चक्रास रिकामटेकड्या लोकांचें धांवण्याफिरण्याचें साधन समजतो. त्याचा समकालीन शालीन ह्यानें मध्यावरील धातूच्या पत्र्यावर थीसियस व मिनोटॉर ह्यांचीं चित्रें असल्याचें नमूद केलें आहे. तो पत्रा राज्यक्रांतीच्या काळांत, १७९२ सालीं, तोफा ओतण्यासाठीं काढून नेला गेला. आज तेथें केवळ खिळ्यांचे अवशेष दिसतात. रीम्स येथील चक्र १७७९ सालीं उखडण्यांत आलें, कारण उपासनेच्या वेळीं मुलें त्यावर खेळून गोंगाट करीत. आज ज्या आकृतीकडे लोक शांततेसाठीं जातात, तिचा एक नमुना गोंगाटापायीं नष्ट व्हावा, हा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे.

‘जेरुसलेमचा मार्ग’ हें नांव ह्या चक्रांस १८ व्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास लावलेलें आढळतें. गुडघ्यांवरील यात्रेची कथा १९ व्या शतकांतील लेखकांनीं वाढविली. मॅथ्यूज ह्यानें १९२२ सालच्या आपल्या ग्रंथांत तिच्याविषयीं शंका घेतलीच होती. हेर्मान केर्न ह्याच्या १९८० नंतरच्या दशकांतील बृहद्ग्रंथानें ती शंका दृढ केली. मौनानें चालण्याच्या सध्यांच्या प्रघाताचा उगम याहून अलीकडचा आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील ग्रेस कॅथीड्रलमधील लॉरेन आर्ट्रेस ह्या धर्मोपदेशिकेनें १९९१ सालीं शार्त्रच्या चक्रावर चालून पाहिलें आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कॅनव्हासवर रंगविलेली त्याची प्रतिकृति आपल्या मंदिरांत लोकांस खुली केली. १९९५ सालीं तिचें ह्या विषयावरील पुस्तक निघालें व प्रघात सर्वत्र पसरला. शार्त्र येथें एरवीं चक्रावर खुर्च्या मांडलेल्या असतात. वर्षांतील कांहीं महिने शुक्रवारीं त्या उचलून वाट मोकळी करतात.

ह्यावरून आजच्या चालणारांस मिळणारी शांति खोटी ठरते काय? आमच्या मतें मुळींच नाहीं. अडीचशें मीटरांची वाट, वळणोवळणीं मंदावणारें पाऊल, आणि चुकण्याची भीति नसल्यामुळें निर्धास्त होणारें मन, एवढी सामग्री चित्तास विसांवा देण्यास पुरेशी आहे. तिला प्राचीनतेच्या दाखल्याची जरूर नाहीं. उलट, आख्यायिकेस इतिहास मानल्यानें एक खरी हानि होते. ओसेरचे फेर धरून नाचणारे धर्माधिकारी, लुक्काचा थीसियस, आमीयेंचे अभिमानी स्थपति, हे सर्व त्या कल्पित यात्रेकरूच्या मागें झांकले जातात. आणि ज्यांनीं लिहून ठेविलें त्यांची साक्ष ऐकण्याचें राहून जातें.

आपल्या देशांतहि प्रसूति सुलभ व्हावी म्हणून चक्रव्यूहाची आकृति काढून स्त्रीस दाखविण्याचा प्रघात होता. जुन्या दप्तरांत व पोथ्यांत अशी आकृति आढळल्यास संग्राहकांनीं प्रथम पान, लेखनकाल, लेखकाचें नांव व शेजारचा मजकूर टिपून ठेवावा, वेढे मोजावे, आणि मगच तिच्या अर्थाविषयीं बोलावें, अशी आमची विनंती आहे.