थरथरीचे माप

गेल्या दिवाळीत धाकटा पुतण्या पुण्याहून बोरीला आला, तो एका खांद्याला कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या खांद्याला गिटार अडकवून. चहा होतो न होतो तोच त्याने माजघरात आपला संसार मांडला. लॅपटॉप, आवाज त्यात उतरवून घेण्याची तळहाताएवढी डबी, काठीवर उभा केलेला मायक्रोफोन आणि साबणाच्या वडीहून जराशी मोठी अशी एक लोखंडी पेटी. पेटीवर तीन बटणे आणि खाली पायाने दाबायचा खटका. ह्या प्रकाराला ट्रेमोलो पेडल म्हणतात, ही माहिती मला त्याच दिवशी मिळाली. गिटारीची वायर ह्या पेटीत शिरते आणि आवाज पलीकडून बाहेर पडतो तो ठरावीक अंतराने लहानमोठा होत, थरथरत.

माझी थोरली आत्या ओसरीवर वाती वळीत बसली होती. वय पंच्याऐंशीच्या पुढे. ती म्हणाली, "का रं बाळा, तुझ्या तंबोऱ्याला हिवताप आला का?"

पोरगा हसला, मी मात्र विचारात पडलो. कारण ही थरथर मी पूर्वी ऐकली होती, आणि ती ह्याच माजघरात. आमच्या आजोबांची बाजाची पेटी अजून फडताळात आहे. तिच्या पुढच्या अंगाला ओढायच्या खुंट्या आहेत. बाकीच्या ओढल्या की सुरांना वारा मिळतो, पण एक खुंटी ओढली की सगळा आवाजच कापू लागतो. लहानपणी मला ती जादू वाटे. पुढे पेटी उघडी पडलेली पाहिली तेव्हा जादू कळली. भात्यातल्या हवेच्या एका भोकावर पातळ लवचिक पट्टीने अडकवलेला लाकडाचा तुकडा असतो. खुंटी ओढली की हवा त्या वाटेने निसटू पाहते, तुकडा फडफडतो, भोक झाकते आणि उघडते, आणि सुरांना मिळणारा वारा कमीजास्त होतो. विजेचा संबंध नाही. युरोपात चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनना अशी कंप देणारी सोय सोळाव्या शतकापासून होती. पॅरिसच्या दबँ ह्याने १८४० च्या सुमारास हार्मोनियम घडवले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनी १८७५ च्या सुमारास ते मांडी घालून एका हाताने भाता मारता येईल असे लहान केले, आणि ही पेटी गावोगावच्या भजनात जाऊन बसली.

आमच्या मंडळातल्या वीणेकऱ्याला मात्र ती कापरी खुंटी खपत नसे. "अभंगाला थंडी वाजते काय?" म्हणून तो आजोबांवर खेकसे. (आत्याचा हिवताप हा त्याचाच वारसा असावा.) शेवटी पेटी दुरुस्तीला गेली तेव्हा कारागिराने न विचारता त्या भोकावर कातडे चिकटवून टाकले. वारा गळायचा थांबला, आणि थरथरही गेली. आजोबा महिनाभर कोणाशी धड बोलले नाहीत, असे आत्या सांगते.

पेटीवरचा आणखी मोठा आक्षेप गावाबाहेर चालला होता. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला मज्जाव केला, आणि १९७१ मध्ये कुठे ते दार किलकिले झाले. आमची बोरी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. भजनी मंडळाला त्या रेडिओचे कसले भय! पण आक्षेप खोटा नव्हता. पेटीची पट्टी दाबली की सूर जिथल्या तिथे उभा. त्याला मींड नाही, आंदोलन नाही. सूर वरखाली हलवायचा तर ते पेटीला साधत नाही. तिला साधते ते आवाज लहानमोठा करणे. हलवणे दोन्हीकडे आहे, पण एकीकडे सुराची उंची हलते, दुसरीकडे त्याचा जोर.

आपल्याकडे सुराच्या ह्या हलण्याचा बारीक विचार ज्याने केला, तो पुरुष आमच्यापासून फार लांब नव्हता. बोरीहून जिंतूर, मंठा, जालना असे करीत छत्रपती संभाजीनगर गाठावे. त्याच्या पुढे देवगिरीचा किल्ला. तिथे तेराव्या शतकात यादवराजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. आजा काश्मीरहून दक्षिणेत आलेला, आणि स्वतः शार्ङ्गदेव राज्याच्या हिशेबाच्या कामावर. 'संगीतरत्नाकर' लिहिताना हा हिशेबनीस काही लपून राहात नाही. ऐकणाऱ्याच्या चित्ताला सुख देणारा स्वराचा कंप तो गमक, असे सांगून तो पंधरा प्रकार देतो, आणि त्यांतल्या कित्येकांची चक्क गती मोजून ठेवतो. पाच लघु अक्षरे उच्चारायला लागणारा काळ तो लघु. त्याचा निम्मा द्रुत. द्रुताच्या चौथ्या हिश्शाच्या वेगाने हलतो तो तिरिप. त्याचा आवाज त्याला डमरूसारखा वाटला. तिसऱ्या हिश्शाने स्फुरित, निम्म्याने कंपित, द्रुताच्या वेगाने लीन, लघूच्या वेगाने आंदोलित.

मी कागद घेऊन बसलो. लघु एक सेकंदाचा धरला, तर सेकंदाला तिरिपाचे आठ कंप पडतात, स्फुरिताचे सहा, कंपिताचे चार, लीनाचे दोन, आंदोलिताचा एक. पुतण्याच्या पेडलवर 'रेट' असे लिहिलेले बटण डावीकडून उजवीकडे फिरवीत गेलो तर जवळपास ह्याच टापूतून प्रवास होतो. शार्ङ्गदेवाचा कंप सुराच्या उंचीचा आणि पेडलचा जोराचा, हे मी विसरलो नाही. दोन्ही एकच म्हणणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही. पण थरथर आवडली एवढ्यावर न थांबता तिला लयीच्या मापाने बांधणे, ही अक्कल देवगिरीला होती.

अमेरिकेत ह्या नावांचा घोळच झाला. तिथे १९४० च्या दशकात डीआर्मंड नावाचे यंत्र निघाले. त्यात मोटारीने एक द्रव हिंदकळे आणि त्यासरशी गिटारीचा आवाज पडे व उठे. बो डिडली ह्याच्या १९५५ च्या तबकडीवर ही थरथर ऐकू येते. त्याच वर्षी लिओ फेंडर ह्याच्या कारखान्याने ट्रेमोलक्स नावाचा अँप्लिफायर काढला. पण ह्याच गृहस्थाने १९५४ च्या आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीवर सुराची उंची हलवणारी दांडी बसवून तिला 'ट्रेमोलो' म्हटले, आणि जोर हलवणाऱ्या कित्येक अँप्लिफायरांवर 'व्हायब्रेटो' असे छापले. आमच्या हिशेबनिसाने असे होऊ दिले नसते.

असो. पुतण्याला आत्याच्या ओव्या मुद्रित करायच्या होत्या. आत्याने उभ्या जन्मात मायक्रोफोनपुढे तोंड उघडले नव्हते, आणि पुढच्या दिवाळीचा भरवसा ती स्वतःच देत नव्हती. त्याने आधी गिटार भरून घेतली: मिनिटाला नव्वद ठोके, ठोक्याला चार कंप, म्हणजे सेकंदाला सहा. हिशेब चोख. पण कानाला हेडफोन लावून घ्यायला आत्या तयार होईना, म्हणून गिटार खोलीत स्पीकरवर लावली आणि तिला गायला सांगितले. ती गायली. नव्वदशी तिला काही देणेघेणे नव्हते. तिची लय कुठे मागे, कुठे पुढे. तिचा आवाज वयाने कापतो, आणि ते कापणेही कुठल्या ठोक्याला बांधलेले नाही. दोन थरथरी एकमेकींच्या पायात पाय घालू लागल्या. शिवाय स्पीकरचा आवाज मायक्रोफोनमध्ये गेलेला, आणि गिटार पेडलमधूनच भरलेली. तिच्यातली थरथर आता काढता येईना. पोराचा चेहरा उतरला. आत्या म्हणाली, "दमले बाबा, आता नाही."

रात्री मी त्याला आजोबांच्या पेटीची आणि शार्ङ्गदेवाची हकीकत सांगितली. त्याने नुसते "हं" केले.

सकाळी उठून पाहतो तो परसात पडलेले जाते त्याने धुऊन पुसून माजघरात आणलेले. आत्याला म्हणाला, "आजी, गाऊ नको. नुसतं दळून दाखव." तिने मूठभर जोंधळे घातले आणि खुंटा धरला. जात्याची घरघर तरी कुठे सपाट असते? हात अंगाकडे येताना ती चढते, दूर जाताना उतरते. फेऱ्यागणिक एक झोका. दोन फेरे झाले नाहीत तोच ओवी आपोआप आली. स्पीकर बंद होता. गिटार त्याने मागाहून वाजवली, आत्याचा गळा ऐकत, पेडल न लावता कोरी भरून घेतली. मग ती कोरी गिटार लॅपटॉपमधून बाहेर काढून पेडलमधून परत फिरवली. एका हाताने 'रेट'चे बटण, डोळे मिटलेले, कान जात्यावर. कंपाची खोली निम्म्याहून कमी ठेवली होती. आत्या पुढे गेली की बटण किंचित उजवीकडे, रेंगाळली की डावीकडे. फेऱ्याला दोन कंप पडत होते.

"हा कोणता?" त्याने डोळे न उघडता विचारले.

"लीन," मी म्हणालो.

आत्या पीठ सुपात भरीत होती. ती म्हणाली, "आता कसं, ताप उतरला."